पाण्यात उभा ऊस, तरी तहानलेला

कृष्णाकाठच्या वाळवा, मिरज, शिरोळ या तालुक्यांत नदीला पाणी असतं, विहिरीला पाणी असतं, सरीतही पाणी असतं. तरी काही रानांत उसाची पानं शेंड्याकडून करपलेली दिसतात आणि बांधापलीकडं मीठ फुटलेलं पांढरं पडीक. दुष्काळी भागातला शेतकरी हे बघून चक्रावेल. इतक्या पाण्यात पीक वाळतं कसं? तर ते तहानेनंच वाळतं. पण या तहानेवर पाणी हे औषध नाही. एवढं उमजलं नाही, तर आणखी रानं हातची जातील.

मुळाला काही तोंड नसतं. मुळावर केसांसारखे बारीक तंतू असतात आणि त्यांतल्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. हा पडदा पाण्याला वाट देतो, मिठाला सहजी देत नाही. ज्या बाजूला क्षार, साखर असं विरघळलेलं जास्त, त्या बाजूला पाणी ओढलं जातं. शाळेच्या पुस्तकात याला परासरण म्हणतात. आपल्या घरातल्या बायकांना ते नावाशिवाय ठाऊक आहे. मनुका पाण्यात टाकली की फुगते, काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं, कैरीची फोड मिठात आकसते. दवाखान्यात शिरेतून नुसतं पाणी देत नाहीत, तेही याच कारणानं. सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे रक्ताशी जुळतं. नुसतं पाणी गेलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुगून फुटतील. फार खारट गेलं तर त्या सुकतील.

उसाच्या मुळाचंही तेच. बाहेरचं पाणी गोडं असलं की ते आपोआप आत ओढलं जातं. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की ओढ कमी होते आणि फारच वाढले तर पेशीतलं पाणी उलट बाहेर जायला लागतं. युरियाची मूठ बुडख्याला चिकटून पडली की रोप करपतं, ते यामुळंच. मग वरून कितीही पाणी दिसो, पिकाच्या लेखी तो दुष्काळच.

हे क्षार येतात कुठून? बरेचसे आपणच आणतो. समजा, विहिरीच्या पाण्यात लिटरला अर्धाच ग्रॅम क्षार आहेत. जिभेला ते कळणारही नाहीत. उसाला वर्षात सगळं मिळून दोन मीटर उंचीचं पाणी दिलं, तर एकराला सुमारे ८० लाख लिटर झालं. त्यातून एकरात ४ टन क्षार आले! पाणी पानातून आणि उन्हानं उडून जातं, क्षार मागं राहतात. जिथं निचरा आहे तिथं पावसानं ते धुऊन जातात. पण काळ्या भारी रानात निचरा नसला की खालची पाणीपातळी वर येते, ते पाणी मातीतून वर चढतं, उडतं आणि मीठ तेवढं वर सोडतं.

खरा घात पुढं आहे. सुकलेल्या उसाला पाणी दिलं की क्षार पातळ होतात आणि पीक चार दिवस टवटवीत दिसतं. शेतकरी म्हणतो, बघा, पाणीच कमी पडत होतं. मग पाळ्या वाढतात, रात्रीची लाईट आली की मोटार सुरू करून माणूस झोपतो, पाणीपातळी आणखी वर येते. उतारा घटला म्हणून खताचं पोतं वाढवतो, म्हणजे क्षारात क्षार. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली गत.

ऊस काही मिठाला दाद न देणारं पीक नाही. १९७७ साली मास आणि हॉफमन या शास्त्रज्ञांनी पिकांचा तक्ता प्रसिद्ध केला. त्यानुसार मातीची विद्युतवाहकता १.७ च्या वर गेली की उसाचं उत्पादन घटू लागतं आणि पुढच्या दर एककाला सुमारे ६ टक्के तूट येते. म्हणजे पांढरं मीठ डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी नुकसान सुरू झालेलं असतं. म्हणून माती तपासूनच घ्यावी. तपासणीशिवाय जिप्सम टाकणं हाही पैशाचा चुराडाच. जिप्सम चोपण जमिनीला लागतं, जिथं सोडियम मातीला चिकटून बसलेला असतो. नुसत्या खारवट जमिनीला हवं ते गोड्या पाण्यानं धुणं, आणि धुतलेलं पाणी रानाबाहेर काढून देणं. दोन्हीकडं निचरा नसेल तर सगळं फुकट.

आणि निचरा हे एकट्याचं काम नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. मी माझ्या रानात चर काढला, तर ते खारं पाणी शेजाऱ्याच्या बांधाला जाऊन थांबणार. ओढे बुजवून ऊस लावलाय, मग पाणी जाईल कुठं? शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेतकरी एकत्र आले, जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकले आणि पडीक रानं पुन्हा पिकाखाली आणली. म्हणजे हे होऊ शकतं. इतर कारखान्यांनी उसाच्या टनांइतकीच सभासदाच्या मातीची काळजी करावी. ग्रामपंचायतींनी बुजवलेले ओढे मोकळे करावेत. त्यात कुणाचा बांध, कुणाचं मत हे बघू नये. सरकारनं पाणी आणायला जसा पैसा घातला, तसा ते बाहेर काढायलाही घालावा.

शेतकरी बांधवांनीही ठिबक लावावं, निदान मोकाट पाणी तरी थांबवावं. अति तेथे माती म्हणतात; इथं तर मातीच जाते आहे. आपल्या आजोबांनी पाण्यासाठी विहिरी खणल्या. नातवांसाठी आता आपल्याला चर खणायचे आहेत.