गुलाबी गाठी

गेल्या पावसाळ्यात देवासजवळच्या आमच्या शेतात काकांनी सोयाबीनचं ४० दिवसांचं रोप उपटून दाखवलं. पानं पिवळी, मुळांवर गाठी मोजक्याच आणि फोडल्या तर आतून पांढऱ्या.

मी गप्प. रायझोबियमचं पाकीट मीच इंदूरहून आणलं होतं आणि दिवसभर उन्हात, गाडीत विसरलो होतो. त्यातले जिवाणू जिवंत असतात; मुळांवर गाठी करून हवेतला नायट्रोजन रोपाला देतात, बदल्यात साखर घेतात. काम चालू असलेली गाठ आतून गुलाबी दिसते.

काकांना खरं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, ‘‘पुढच्या वर्षी तूच लाव.’’

यंदा पाकीट सावलीत ठेवलं. बियाण्याला आधी बुरशीनाशक, शेवटी जिवाणू आणि लगेच पेरणी. परवा काकांनी फोडलेल्या गाठीचा फोटो पाठवला. गुलाबी!