हवाबंद डबा : आधी दाणा कोरडा, मग झाकण घट्ट

उन्हाळ्याच्या अखेरीस वर्षभराच्या धान्याची बेगमी करण्याची प्रथा देशाच्या अनेक भागांत आजही टिकून आहे. साठवणुकीची साधने मात्र झपाट्याने बदलली आहेत. बांबूची शेणमातीने लिंपलेली कणगी, मातीचे रांजण, घरातील बळद, जमिनीखालील पेव, कर्नाटकातील हगेवू, उत्तर भारतातील मातीची कोठी यांची जागा पत्र्याच्या कोठ्या, प्लॅस्टिकचे पिंप आणि झाकणात रबरी कडे असलेले हवाबंद डबे घेत आहेत. हा बदल स्वागतार्ह आहे. उंदीर, घूस आणि पावसाळी दमटपणा यांपासून नवी भांडी अधिक चांगले संरक्षण देतात.

तथापि भांडे बदलले तरी धान्य भरण्याची रीत जुन्याच भांड्याची राहिली, ही या बदलातील उणीव आहे. कणगीत हवा खेळती राहते. दाणा थोडा ओलसर असला तर कोरड्या दिवसांत त्यातील ओलावा हळूहळू बाहेर पडतो. हवाबंद डब्यात ही सोय नाही. भरताना दाण्यात जेवढा ओलावा असेल, तेवढाच तो आत कोंडला जातो. मग श्रावणात डबा उघडताच कुबट वास येतो, तळाशी दाण्यांचे गठ्ठे आढळतात आणि दोष डब्याच्या माथी मारला जातो. वस्तुतः चूक डबा निवडण्याच्या आधी, खळ्यात झालेली असते.

हवाबंद भांडे नेमके काय करते

कडधान्यातील पोरकिड्यांचा प्रादुर्भाव घरात सुरू होतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तूर, हरभरा, मूग, चवळी यांवरील भुंगेऱ्याची मादी शेतातील पक्व शेंगांवरही अंडी घालते. अळी दाण्यात शिरते, आत वाढते आणि प्रौढ भुंगेरा गोल छिद्र पाडून बाहेर येतो. उबदार हवेत ही पिढी साधारण महिनाभरात पूर्ण होते. म्हणजेच वरवर स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यासोबत किडीचे बीज डब्यात आधीच गेलेले असते. झाकण बाहेरची कीड रोखते. आत असलेल्या किडीसाठी मात्र प्राणवायूची कोंडी हाच उपाय ठरतो.

बंद भांड्यात दाणे व किडी श्वसनाने प्राणवायू वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. प्राणवायू पुरेसा घटला की किडीचे खाणे व वाढ थांबते. कोरड्या धान्यात जगणारी कीड शरीराला लागणारे पाणी मुख्यतः अन्नाच्या ज्वलनातून मिळवते. प्राणवायू नसेल तर तेही मिळत नाही आणि ती मरते. पश्चिम आफ्रिकेतील चवळी उत्पादकांसाठी पर्ड्यू विद्यापीठाने विकसित केलेली तीन थरांची पिशवी याच तत्त्वावर चालते. तिच्या आत पॉलिथिनचे दोन जाड थर आणि बाहेर विणलेले पोते असते. कोणतेही कीटकनाशक न वापरता दाणा वाचवण्याची ही पद्धत घरगुती डब्यालाही लागू पडते, मात्र दोन अटींवर : दाणा कोरडा हवा आणि डबा काठोकाठ भरलेला हवा.

ओलाव्याचा हिशेब

पहिली अट ओलाव्याची. घरगुती साठवणुकीसाठी तृणधान्यात सुमारे 12 टक्के, कडधान्यात 9 ते 10 टक्के आणि तेलबियांत 7 ते 8 टक्क्यांपर्यंतच ओलावा असावा, ही सर्वसाधारण मर्यादा आहे. हे अंक कागदावर किरकोळ वाटतात. 14 टक्के ओलाव्याची 100 किलो तूर 10 टक्क्यांवर आणायची झाल्यास तिच्यातून सुमारे 4.4 लिटर पाणी बाहेर काढावे लागते. हेच पाणी न काढता झाकण लावणे म्हणजे अर्धी बादली पाणी धान्यासोबत कोंडून ठेवणे होय. दिवसरात्रीच्या तापमानातील फरकामुळे पत्र्याच्या कोठीत ते आतील भिंतीवर साचते आणि तेथूनच बुरशी धरते.

भारतीय किमान बीज प्रमाणन मानकांतही हाच विचार दिसतो. गव्हाच्या बियाण्यासाठी साध्या वेष्टनात 12 टक्के ओलावा चालतो, तर बाष्परोधक वेष्टनात तो 8 टक्क्यांपर्यंतच असावा लागतो. भातासाठी हे अंक अनुक्रमे 13 व 8 टक्के, तर हरभऱ्यासाठी 9 व 8 टक्के आहेत. भांडे जितके घट्ट, तितकी ओलाव्याची मर्यादा कडक. घरचे बियाणे राखणाऱ्या शेतकऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. ओलसर बियाणे घट्ट डब्यात भरल्यास त्याची उगवणशक्ती कापडी पिशवीतील बियाण्यापेक्षाही लवकर खालावू शकते.

भुईमूग आणि मका यांबाबत धोका अधिक गंभीर आहे. या पिकांवर वाढणाऱ्या विशिष्ट बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन हे यकृतास घातक विष तयार होते. शिजवल्याने किंवा भाजल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. बुरशी आलेले दाणे धुऊन, उन्हात टाकून पुन्हा वापरण्याची काटकसर म्हणूनच टाळली पाहिजे.

ओलावा मोजण्याची घरगुती परीक्षा म्हणून कोरड्या बरणीत चमचाभर कोरडे मीठ व मूठभर धान्य घालून हलवण्याची पद्धत सांगितली जाते. मीठ काचेला चिकटले नाही तर ओलावा साधारण 15 टक्क्यांच्या खाली आहे, एवढेच त्यातून कळते. कडधान्यासाठी हा निष्कर्ष अपुरा आहे. दाताखाली दाणा कटकन फुटणे ही अनुभवी शेतकऱ्याची खूण उपयोगी असली तरी माणसागणिक बदलते. आर्द्रतामापकाला खरा पर्याय नाही.

भरलेला डबा आणि उघडा डबा

दुसरी अट डबा काठोकाठ भरण्याची. धान्याच्या राशीत दाण्यांमधील मोकळी जागा साधारण 40 टक्के असते. 20 लिटरचा पूर्ण भरलेला डबा घेतल्यास त्यात सुमारे 8 लिटर हवा, म्हणजे पावणेदोन लिटरच्या आसपास प्राणवायू राहतो. तोच डबा निम्मा भरला तर हवा 14 लिटर आणि प्राणवायू जवळजवळ 3 लिटर होतो. शिवाय तो वापरणाऱ्या दाण्यांची व किडींची संख्या निम्मीच असते. परिणामी प्राणवायू संपण्यास लागणारा काळ साडेतीन पटींपर्यंत वाढू शकतो. त्यात डबा रोज उघडला जात असेल, तर प्राणवायूची कोंडी कधीच होत नाही. असा डबा झुरळ व दमट हवा अडवतो. कीड मारण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवता येत नाही.

यासाठी स्वयंपाकघरात दोन टप्प्यांची साठवण असावी. वर्षाचा साठा एका मोठ्या कोठीत ठेवण्याऐवजी 10 ते 20 किलोच्या अनेक हवाबंद डब्यांत किंवा जाड पिशव्यांत काठोकाठ भरावा आणि गरज पडेपर्यंत उघडू नये. रोजच्या वापरासाठी आठ-पंधरा दिवसांना पुरेल असा लहान डबा वेगळा ठेवावा. एक मोठा डबा उघडला की तो महिन्याभरात संपेल, असा आकार कुटुंबाच्या गरजेनुसार ठरवावा. महागड्या एका कोठीपेक्षा मध्यम किमतीचे सहा डबे या दृष्टीने अधिक उपयोगी ठरतात.

प्रत्येक पदार्थाला झाकण एकच नव्हे

हवाबंद डबा सर्वच पदार्थांना उपकारक असतो, हा समजही तपासून घ्यावा. बाजरीचे पीठ काही दिवसांत कडवट होते. दळताना दाण्यातील स्निग्धांश व त्याचे विघटन करणारी विकरे एकत्र येतात आणि ही क्रिया केवळ हवा बंद केल्याने थांबत नाही. बाजरी अखंड साठवून आठवड्यापुरतीच दळणे हा तेथे खरा उपाय आहे. कांदा, लसूण व बटाटा यांना खेळती हवा लागते. घट्ट डब्यात ते सडतात. याउलट मिरची पूड, हळद, गूळ, रवा, पापड व शेवया यांना घट्ट झाकणाचा मोठा फायदा होतो. तुरीची डाळ करून ठेवल्यास कडधान्यातील भुंगेऱ्याचा उपद्रव अखंड तुरीपेक्षा बराच कमी होतो, कारण त्याच्या मादीला अंडी घालण्यासाठी गुळगुळीत टरफलाचा अखंड दाणा अधिक मानवतो.

प्रदेशानुसारही प्राधान्य बदलते. कोकण, गोवा, केरळ व ईशान्य भारतात कोरडा दाणाही पावसाळी हवेतून ओलावा शोषतो. तेथे घट्ट झाकण अपरिहार्य आहे, परंतु उन्हाचे मोजके दिवस साधून धान्य वाळवणे हे त्याहून अवघड काम असते. राजस्थान किंवा विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळवण सोपे जाते. तेथे मुख्य प्रश्न किडीचा व उंदरांचा असतो.

भांडे निवडताना

डबा घेताना किंमत व रंग यांपेक्षा झाकणाकडे अधिक लक्ष द्यावे. रबराचे किंवा सिलिकॉनचे कडे सलग असावे, काढून धुता यावे आणि बदलून मिळावे. डब्यात थोडे पाणी भरून झाकण लावून तो उलटा धरल्यास गळती लगेच दिसते. ही परीक्षा दरवर्षी धान्य भरण्यापूर्वी करून डबा पूर्ण वाळवावा. प्लॅस्टिकचा डबा अन्नासाठी योग्य असल्याचे त्यावर नमूद असावे. भारतीय मानकांत अन्नसंपर्कातील पॉलिथिनसाठी आयएस 10146 आणि पॉलिप्रॉपिलीनसाठी आयएस 10910 हे क्रमांक आहेत. स्टील टिकाऊ असले तरी अनेक स्टीलच्या डब्यांची झाकणे नुसती बसवायची असतात. ती हवाबंद मानू नयेत. पातळ पॉलिथिनची पिशवी काही भुंगेरे पोखरतात आणि उंदीर सहज कुरतडतात. म्हणून पिशवी वापरायची झाल्यास ती कोठीत किंवा पिंपात ठेवावी.

कीटकनाशकाचे रिकामे डबे व पिंप धुऊन धान्यासाठी वापरणे सर्वथा वर्ज्य आहे. कीटकनाशक नियम, 1971 मध्ये अशी वेष्टने पुन्हा वापरात येऊ नयेत यासाठी ती नष्ट करण्याची तरतूद आहे. तसेच घरातील बंद कोठीत अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवणे जिवावर बेतणारे आहे. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू झोपेतल्या माणसालाही मारू शकतो. या गोळ्यांचा वापर प्रशिक्षित व परवानाधारक व्यक्तींपुरता मर्यादित आहे. तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची सवयही सोडली पाहिजे. अन्नात मिसळण्याचे ते द्रव्य नव्हे. कोरडा दाणा व भरलेला हवाबंद डबा एवढे साधले तर यांपैकी कशाचीही गरज उरत नाही.

विस्तारकार्याची दिशा

साठवणुकीच्या क्षेत्रात देशाने केलेले काम कमी नाही. भारतीय कृषी संशोधन संस्थेने कच्च्या विटांच्या दोन भिंतींमध्ये पॉलिथिनचा थर घालून पुसा कोठी विकसित केली. हापूरच्या नावाने ओळखली जाणारी पत्र्याची कोठी गावोगाव पोहोचली. धान्य बचाव मोहिमेने साठवणुकीचा विषय शेतकऱ्यांच्या दारी नेला. या प्रयत्नांचा भर साधनावर होता आणि त्या काळी ते योग्यच होते. आज साधन बाजारात सहज मिळते. उणीव आहे ती ओलावा मोजण्याच्या सोयीची आणि भरण्याच्या शास्त्राची.

म्हणूनच अनुदानावर कोठ्यांचे वाटप करणारा कार्यक्रम आर्द्रतामापकाविना अपुरा मानला पाहिजे. एक मापक एका कुटुंबाला परवडणार नाही. गावातील शेतकरी उत्पादक कंपनी, सहकारी सोसायटी किंवा महिला बचत गट यांच्याकडे तो ठेवता येईल. तूर व हरभऱ्याची काढणी झाल्यावर दोन-तीन आठवडे ठरावीक दिवशी गावातच दाणे तपासून द्यावेत. वाळवणासाठी ताडपत्री किंवा सिमेंटचे खळे हे डब्याइतकेच आवश्यक साधन समजावे.

प्रशिक्षण कोणाला दिले जाते, हाही विचारात घेण्याजोगा प्रश्न आहे. धान्य विकण्याचा निर्णय घरातील पुरुष घेत असला तरी ते वाळवणे, निवडणे, भरणे व पुरवून वापरणे ही कामे बहुतांश घरांत स्त्रिया करतात. साठवणुकीच्या मेळाव्यात मात्र त्यांची उपस्थिती अनेकदा नाममात्र असते. देशातील 700 हून अधिक कृषी विज्ञान केंद्रांपैकी जेथे गृहविज्ञानाचे विषय विशेषज्ञ आहेत, तेथे त्यांनी आणि पीक संरक्षणाच्या तज्ज्ञांनी हा विषय एकत्र हाताळावा. काठोकाठ भरलेला एक डबा आणि निम्मा भरून रोज उघडला जाणारा दुसरा डबा गावातीलच एका घरात ठेवून तीन महिन्यांनी सर्वांसमोर उघडावेत. हे प्रात्यक्षिक कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक शिकवेल.

लहान शेतकऱ्याच्या घरी कडधान्य हा प्रथिनांचा मुख्य आधार आहे. पोखरलेली तूर बाजारात विकली जात नाही. बहुधा ती घरातच शिजते किंवा जनावरांपुढे जाते. हे नुकसान कोणत्याही बाजार समितीच्या नोंदीत येत नाही, परंतु ताटात ते दिसते. डबा निवडणे हा त्यामुळे केवळ खरेदीचा विषय राहत नाही. येत्या हंगामात धान्य भरण्यापूर्वी ओलावा किती आहे आणि डबा किती दिवसांनी उघडला जाणार, हे दोन प्रश्न प्रत्येक घरात विचारले जावेत. त्यांची उत्तरे मिळाली की कोणता डबा घ्यावा, हे ठरवणे फारसे कठीण उरत नाही.