सावित्रीकाठचे बेडूक

आमच्या पोलादपूर-महाडकडे मृगाचा पाऊस लागला की भाताच्या खाचरांतून बेडकांचा गजर सुरू होतो. मोठ्या बेडकांचे नर तेव्हा पिवळेधमक होतात आणि गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवून रात्रभर ओरडतात. लहानपणी त्याचे अप्रूप नव्हते. अलीकडे मात्र महाडच्या खालच्या अंगाला नदीकाठी उभा राहिलो की कान तो आवाज शोधू लागतात.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. श्वासही बराचसा कातडीनेच घेतो. त्याच्या अंड्याला कवच नसते. म्हणजे पाण्यात जे विरघळेल, ते थेट त्याच्या अंगात!

सावित्री उगम पावते महाबळेश्वरला. तो परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. पलीकडे कोयनेचे अभयारण्य आहे. तिथल्या ओढ्यांत हुमायून अब्दुलालींच्या नावाचा एक बेडूक राहतो. त्याची मादी पाण्यावर झुकलेल्या पानांवर अंडी घालते, पिल्ले खाली वाहत्या पाण्यात टपकतात. याच अब्दुलालींनी बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीविरुद्ध आवाज उठवला होता. १९८७ साली ती निर्यात बंद झाली. पकडणाऱ्याचा हात कायद्याला धरता आला, पाण्याचे काय?

घाट उतरून सावित्री पोलादपूर गाठते, पुढे महाड. तिथे रासायनिक कारखान्यांची वसाहत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे जाहीर केले, त्यांत महाडजवळची सावित्री आहे. सगळे खापर कारखान्यांवर फोडून मात्र भागणार नाही. खाचरात आपण जे फवारतो, तेही वहाळावाटे नदीतच जाते. आणि खाचरातला बेडूक कुठल्याच अभयारण्याच्या हद्दीत येत नाही. तो राहतो आपल्या बांधावर, किडे खातो आपल्या भातावरचे. हद्द आखली की वरचे बेडूक तरी सुखरूप, असेही नाही. १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी वर्णन केलेली, बेडकांची कातडी पोखरणारी बुरशी पुढे सह्याद्रीतल्या बेडकांवरही आढळली. तिला वनखात्याचे फाटक अडवत नाही.

पाण्याचे नमुने बाटलीत भरून प्रयोगशाळेत जातात, ते जावेतच. पण त्या क्षणी बाटलीत आले, तेवढेच त्यातून कळते. बेडकाचे पिल्लू त्याच पाण्यात आठवडेच्या आठवडे वाढत असते. पोलादपूरपासून महाडच्या खालपर्यंत काही जागा ठरवून शाळांनी दर पावसाळ्यात बेडकांचे आवाज आणि अंडी यांची नोंद ठेवावी, आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. त्याला लागते एक वही, एक विजेरी आणि मुलांबरोबर रात्री चिखलात उतरायला तयार असलेला एखादा मास्तर.