सही केली, त्यात पाप कसलं?



उत्तम त्यागाच्या दिवशी मंदिरात प्रवचन संपलं आणि बायकांचं माझ्यावर सुरू झालं. हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये काढलेली चरबी मधुमेहाच्या संशोधनाला द्यायला मी सही केली, हे पसरलं होतं. "वहिनी, रात्री पाणीसुद्धा पीत नाही तुम्ही, आणि स्वतःचं मांस दिलंत?"

तिथे गप्प बसले. इथे बोलते.

विचारणाऱ्या बाई रोज इन्सुलिन घेतात. ते 1921 मध्ये टोरांटोला कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून सापडलं. पुढची साठ वर्षं गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. 1982 मध्ये प्रयोगशाळेत बनवलेल्या मानवी इन्सुलिनला परवानगी मिळाली, तेव्हा कुठे कत्तलखाना सुटू लागला. उंदीर अजून मरतातच. आपण बटाटा सोडला, पण हा खर्च वहीत लिहीतच नाही. मी कॉमर्सची, मला असा ताळेबंद चालत नाही.

बरं, उंदीर मारूनही उत्तर अर्धवटच. इन्सुलिन करणाऱ्या पेशी उंदराच्या स्वादुपिंडात पुंजक्याच्या मधोमध असतात, माणसात इतर पेशींत मिसळलेल्या. माणसाचंच बघावं लागतं, आणि जिवंतपणी तुकडा काढणं धोक्याचं. म्हणून अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठातून 2007 पासून मृत अवयवदात्यांच्या स्वादुपिंडाचे नमुने संशोधकांना पुरवतात. चरबी तर आपल्याच लोकांची हवी. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी यांचा बीएमआय एकच, 22.3. पण अंगातली चरबी इंग्रजाची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! 2004 मध्ये त्यांनी स्वतःच हे छापलं.

काढलेल्या मांसात सूक्ष्म जीव उत्पन्न होतात, हा एका ताईंचा आक्षेप मी मानते. पण दिली नसती तर ती चरबी पिवळ्या पिशवीतून भट्टीत गेली असती. तिथे जीव वाचले असते का? देह पुद्गल आहे असं स्वाध्यायात म्हणायचं, आणि टाकाऊ तुकडा मागितला की 'माझा'? नेत्रदानाचे फॉर्म याच मंदिरात भरले ना आपण?

मात्र डोळे मिटून सही करू नका. माझ्यापुढे इंग्रजी कागद ठेवून "इथे करा" म्हणाले. मी पेन खाली ठेवलं. नमुना कशासाठी, नाव गुप्त राहणार का, नंतर नाही म्हणता येईल का, हे मराठीत लिहून मागितलं. दुसऱ्या दिवशी मराठी प्रत आली. चष्मा लावून दोनदा वाचली, मग सही केली.