वर्धा जंक्शन फळीवर मावत नाही, आर्वी मावते

वर्धा जिल्ह्यात मॉडेल रेल्वेचा नाद लागलेल्या माणसाचा पहिला आराखडा बहुधा वर्धा जंक्शनचाच असतो. साहजिक आहे. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दोन मोठ्या मार्गांची गाठ वर्धा-सेवाग्राम परिसरात पडते आणि रात्रंदिवस गाड्या धडधडत असतात. पण कागदावर पेन्सिल टेकवण्याआधी एक भागाकार करावा. आयसीएफचा प्रवासी डबा बफरसह सुमारे २२.३ मीटर लांब. एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्ये, तो २५६ मिलिमीटर होतो. असे २४ डबे जोडले की नुसती गाडीच सहा मीटरच्या वर जाते. फलाट, सांधे, यार्ड यांचा हिशेब अजून सुरूही झालेला नाही.

यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे तीन डब्यांची गीतांजली एक्स्प्रेस आणि चार डब्यांचा फलाट. मोठे स्थानक असे चेपून बसवले की रूळ पुष्कळ दिसतात, पण त्यांवर करण्यासारखे काही उरत नाही. कमी जागेत मोठे स्थानक लहान करत बसण्यापेक्षा मुळातच लहान असलेली रेल्वे निवडावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. तशी रेल्वे शोधायला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही.

पुलगाव-आर्वी हा ३५ किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग १९१७ साली सुरू झाला. मालकी सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, व्यवस्थापन किलिक निक्सन या पेढीचे. मुर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जायची ती ‘शकुंतला’ गाडीही याच रेल्वे कंपनीची. एका टोकाला ब्रॉडगेजवरचे पुलगाव, दुसऱ्या टोकाला कापसाची बाजारपेठ आर्वी, आणि मध्ये काळ्या मातीची शेते. आता हा मार्ग बंद आहे. मॉडेलकाराला मात्र याहून सोयीचा विषय मिळणे कठीण.

सोय कशी, ते आकड्यांत पाहू. या मार्गाचे गेज ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागले की ८.७६ येतात, आणि बाजारात सहज मिळणाऱ्या एन गेजच्या रुळाची रुंदी आहे ९ मिलिमीटर. फरक डोळ्यांना दिसतही नाही. उलट आपले ब्रॉडगेज १:८७ मध्ये १९.३ मिलिमीटर यायला हवे, आणि आपण ते १६.५ च्या रुळावर चालवतो. म्हणजे भारतीय नॅरोगेजचे मॉडेल भारतीय ब्रॉडगेजपेक्षा गेजच्या दृष्टीने अधिक खरे उतरते. शिवाय छोट्या डब्यांना २३० मिलिमीटर त्रिज्येचे वळण चालून जाते. एन गेजचे स्लीपर मात्र या प्रमाणात फार दाट दिसतात. एक आड एक कापून काढावेत आणि उरलेले माती-खडीत अर्धवट बुजवावेत. तयार इंजिनाची वाट पाहू नये. एन गेजच्या इंजिनाची चांगली चालणारी चॅसी घेऊन तिच्यावर प्लास्टिक शीटची बॉडी बांधणे, हा जगभरच्या नॅरोगेजवाल्यांचा जुना मार्ग आहे.

आता जागा. आठ बाय चारचा प्लायवूड सुताराकडून लांबीत चिरून घेतला की एक फूट रुंदीच्या चार फळ्या मिळतात. त्यातली एकच पुरे. लांबी २४४० मिलिमीटर. इंजिन १०० आणि डबा ११५ धरला तर तीन डब्यांची गाडी ४५० मध्ये बसते. इंजिनाला गाडीच्या दुसऱ्या टोकाला जाता यावे म्हणून लूप हवा: डब्यांसाठी ३५० आणि दोन सांध्यांचे २५०, एकूण ६००. पुढे इंजिनापुरते १२०. आर्वी स्थानक ७२० मिलिमीटरमध्ये आटोपले. दुसऱ्या टोकाचे ५०० मिलिमीटर कडुनिंबाच्या रांगेआड लपवावेत. ते आपले पुलगाव. मध्ये १२२० उरतात, म्हणजे प्रत्यक्षातले सुमारे १०६ मीटर. तिथे सांधा नको, साइडिंग नको. कपाशीचे शेत, एक बाभूळ आणि एकेरी रूळ. गाडी कुठून तरी कुठे तरी जाते आहे, हे या मोकळ्या पट्ट्यावरूनच पटते. त्यामुळे जागा दिसली की रूळ टाकायचा, हा मोह इथे आवरावा.

एवढ्यात खेळायला काय उरले, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ब्रिटिश मॉडेलकार अॅलन राइट यांच्या ‘इंगलनूक’ रचनेत आहे. तीन साइडिंग, एकीत पाच वाघिणी मावतात, इतर दोन्हींत प्रत्येकी तीन. पुढच्या आखूड रुळावर इंजिन आणि तीन वाघिणी. आठ वाघिणींतून चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि चिठ्ठीच्या क्रमाने गाडी लावायची. क्रम ६,७२० प्रकारे येऊ शकतो. नॅरोगेजच्या ६५ मिलिमीटरच्या वाघिणी घेतल्या तर सगळे काम एक मीटरच्या आत होते. आर्वीच्या मॉडेलवर याला लगेच अर्थ येतो: जिनिंगकडच्या गाठी, सरकी, किराणा, मीठ. हंगामात भरलेल्या वाघिणी पुलगावला, रिकाम्या परत.

गोल फिरणारी गाडी हवी, हा आग्रह घरातल्या मुलांचा असतो आणि तो रास्त आहे. त्यासाठी ६० सेंटिमीटर रुंदीचे टेबल पुरते. मागची अर्धी फेरी पडद्याआड ठेवा आणि गाडीला तिथे मिनिटभर थांबवा.

वर्ध्याच्या हवेचाही विचार आराखड्यातच व्हावा. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. निकेल सिल्व्हरचा मीटरभर रूळ ३५ अंशांच्या फरकाने अर्धा मिलिमीटरहून थोडा अधिक वाढतो. भर डिसेंबरात जोड घट्ट भिडवलेले रूळ मेमध्ये वाकतात. जोडांत पोस्टकार्ड जाईल एवढी फट सोडावी. फळीला खालून, वरून आणि कडांनाही रंग द्यावा, नाहीतर पावसाळ्यात ती फुगते.

मोजमापांसाठी नागपूरच्या मोतीबागेतले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय जवळ आहे. टेप, वही आणि परवानगी घेऊन जावे. पुण्यातले जोशी यांचे मिनिएचर रेल्वे म्युझियम सलग मोठे शहर कसे उभे राहते ते दाखवते. ते जरूर पाहावे, पण फळीवर उतरवू नये.

वाचकांकडून आम्हाला यापुढे एका फळीचे आराखडे हवे आहेत. पाठवताना रुळांचे चित्र दुसऱ्या पानावर ठेवा. पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा: गाडीची लांबी, लूपची लांबी आणि दिवसभराचे वेळापत्रक. सकाळी कोणती गाडी येते, काय उतरवते, काय घेऊन जाते, हे जमले की सांधे किती लागतात ते आपोआप ठरते. बहुतेक आराखड्यांत ते निम्म्यावर येतील.