मंडळीतील मैत्रिणी आणि आपली समीक्षा

बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' (1857) कुणी विधवादुःखाचा दस्तऐवज म्हणून गौरविले, कुणी धर्मप्रचार म्हणून निकालात काढले. संहितेतील स्त्रियांचे परस्परसंबंध दोघांनाही प्रश्न वाटले नाहीत. पतीसह प्रवास करणाऱ्या यमुनेला विधवा भेटतात, पण प्रत्येक भेट दृष्टान्तापुरतीच. मैत्रीला पुनर्भेट लागते. ही मर्यादा पदमनजींची. समीक्षेची मर्यादा अधिक गंभीर आहे. 'स्मृतिचित्रे'तील बायकाबायकांचा जिव्हाळा समोर असता आपण लक्ष्मीबाई टिळकांचा विनोद आणि भाबडेपणाच (हा शब्द तरी किती सोयीचा!) वाखाणत राहिलो. उद्या विट्यासारख्या तालुक्याच्या गावी, उपासना संपल्यावर दारात रेंगाळणाऱ्या दोघींवर कुणी कादंबरी लिहिली, तर 'ख्रिस्ती साहित्य' या शिक्क्यापलीकडे आपल्यापाशी कोणती परिभाषा आहे?