यादीत आपला कोण?

९ जून २०२४ रोजी, रविवारी सायंकाळी, राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात नरेंद्र मोदी यांनी तिसऱ्यांदा पंतप्रधानपदाची शपथ घेतली आणि त्यांच्यामागोमाग एकाहत्तर मंत्र्यांनी; त्यांत तीस कॅबिनेट दर्जाचे, पाच स्वतंत्र कारभाराचे आणि उरलेले छत्तीस नुसते राज्यमंत्री. दुसऱ्या दिवशी सकाळी ही सारी नामावळी आमच्या ओसरीवर पसरून, चष्म्याची मोडकी काडी दोऱ्याने कानाशी बांधलेले आमचे एक वयोवृद्ध शेजारी एकेका नावावर बोट दाबीत खाली उतरत होते, आणि यादी संपली तेव्हा, बाजारातून पिशवी विसरून परतलेल्या माणसाच्या मुद्रेने त्यांनी मला विचारले, "यात आपल्या भंडाऱ्याचा कोनी नाही का जी?"

नव्हता. भंडारा-गोंदियाने सहाच दिवसांपूर्वी काँग्रेसचे डॉ. प्रशांत पडोळे यांना निवडून देऊन विरोधी बाकांवर धाडले होते. आणि गोंदियाचे प्रफुल्ल पटेल, ज्यांच्या नावाची कुजबुज दोन दिवस चालली होती, त्यांच्या पक्षाला देऊ केलेले स्वतंत्र कारभाराचे राज्यमंत्रिपद, आपण पूर्वी कॅबिनेट मंत्री होतो या कारणास्तव त्यांनी पत्करले नाही. शेजारच्या नागपूरचे नितीन गडकरी २०१४ पासूनचे आपले रस्त्यांचे खाते याही खेपेस राखून होते, एवढे मी सांगितले. पण साठ किलोमीटरवरचा मंत्री हा म्हाताऱ्याच्या हिशेबी परमुलखातलाच होता.

नव्या मंत्रिमंडळाची पारख करण्याची ही जी आपली वडिलोपार्जित रीत, म्हणजे आपल्या जिल्ह्याचा कोण, आपल्या जातीचा कोण आणि कोणाच्या पदरात कोणते मलईदार खाते पडले हे पाहण्याची, ती केवळ खेडवळ आहे असे कोणी समजू नये. राजधानीतले विद्वान भाष्यकारही त्याच गोष्टी प्रादेशिक समतोल, सामाजिक प्रतिनिधित्व असल्या भारदस्त नावांनी मांडीत असतात. मात्र "आपला" मंत्री असताना काय झाले याचा जमाखर्च मांडायला आमच्या जिल्ह्याइतका सोयीचा जिल्हा नाही. २००४ साली पटेल येथे थोडक्या मतांनी पडले, तरी राज्यसभेच्या दाराने नागरी विमान वाहतूक खात्याचे मंत्री झाले. २००९ मध्ये येथूनच लोकसभेवर गेले आणि २०११ मध्ये अवजड उद्योग खात्याचे कॅबिनेट मंत्री झाले. त्या काळात गोंदियाजवळच्या बिरसीला धावपट्टी सुधारली, वैमानिकांची प्रशिक्षण संस्था आली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु साकोलीकडे मुंडीपारला अवजड उद्योग खात्याखालच्या भेल कंपनीच्या ज्या कारखान्याचे भूमिपूजन २०१३ मध्ये मोठ्या थाटाने झाले, त्यासाठी जमिनी गेल्या आणि कारखाना मात्र उभा राहिलाच नाही. आणि गोसीखुर्द! पवनी तालुक्यातल्या या धरणाची कोनशिला राजीव गांधींनी २२ एप्रिल १९८८ रोजी बसविली, तेव्हा अंदाजपत्रक ३७२ कोटींचे होते. त्यानंतर राजीव गांधींसह नऊ पंतप्रधान या देशाने पाहिले, मंत्रिमंडळे किती बदलली त्याची मोजदाद मी सोडून दिली आहे, अंदाजपत्रकाने हजारो कोटींची मजल मारली, आणि कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचण्याची वाट लोक अद्याप पाहत आहेत.

तेव्हा मंत्र्याची परीक्षा घ्यावी तरी कशावरून? मला स्वतःला, शपथेच्या दिवसाच्या छायाचित्रापेक्षा, तो मंत्रिमंडळातून बाहेर कसा पडला याचे कागद वाचणे अधिक उद्‌बोधक वाटत आले आहे, आणि ही खोड मला भंडाऱ्याच्याच इतिहासाने लावली.

१५ ऑगस्ट १९४७ च्या नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात काँग्रेसबाहेरचेही लोक होते: विधी खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे, उद्योग व पुरवठा श्यामाप्रसाद मुखर्जींकडे, अर्थखाते षण्मुखम् चेट्टींकडे. महाराष्ट्रातले काकासाहेब गाडगीळही त्यात होते. त्या यादीवर त्या दिवशी जिल्ह्याजिल्ह्यांत काय कुरकुर झाली असेल ती असो; पण पाच वर्षांच्या आत चेट्टी, मुखर्जी आणि आंबेडकर हे तिघेही राजीनामे देऊन बाहेर पडले होते, आणि १९५० मध्ये अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर. बाबासाहेबांचा राजीनामा सप्टेंबर १९५१ चा. हिंदू कोड बिलाची झालेली परवड हे त्याचे सर्वांत गाजलेले कारण असले, तरी परराष्ट्र धोरणापासून अनुसूचित जातींच्या उपेक्षेपर्यंत अनेक कलमे राजीनाम्याच्या निवेदनात आहेत. सत्तेच्या खुर्चीवरून माणूस असा कागद लिहून उतरला की त्याची योग्यता ठरविण्यासाठी दुसरा दाखला मागू नये, असे माझे मत आहे. मतदारांचे तसे नव्हते. १९५२ मध्ये मुंबईत ते पराभूत झाले आणि मे १९५४ मध्ये पोटनिवडणुकीस उभे राहिले ते आमच्या भंडाऱ्यात.

भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर, आणि मतदारसंघ द्विसदस्य होता. म्हणजे मतदारास दोन मते, एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता उभे होते. बाबासाहेबांच्या अनुयायांनी दुसरे मत कुजवावे, म्हणजे त्यांचे पारडे जड होईल, असा सल्ला काहींनी दिला असता, ज्याने राज्यघटना लिहिली तो मत वाया घालविण्याचे सांगणार नाही, असे बाबासाहेबांनी त्यांना बजावले, अशी हकिकत सांगितली जाते. निकाल लागला: मेहता निवडून आले; बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांहून अधिक मतांनी पडले. वैनगंगेच्या काठी मी अनेकदा या निकालाचा विचार करीत बसलो आहे, आणि दर वेळी थोडा खजील होऊन उठलो आहे.

पण गोष्टीचा उत्तरार्ध कमी विलक्षण नाही. तेच अशोक मेहता पुढे प्रजासमाजवादी पक्षातून बाहेर पडून काँग्रेसमध्ये गेले, जानेवारी १९६६ मध्ये इंदिरा गांधींच्या पहिल्या मंत्रिमंडळात नियोजनमंत्री झाले, आणि १९६७ मध्ये पुन्हा भंडाऱ्यातूनच लोकसभेवर गेले. भावनगरास जन्मलेला हा पंडित आमच्या धानाच्या बांध्यांतून किती हिंडला ते मी सांगू शकत नाही. परंतु ऑगस्ट १९६८ मध्ये रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरले आणि भारत सरकारने त्याचा स्पष्ट निषेध करण्याचे टाळले, तेव्हा पेट्रोलियम व रसायने हे खाते सोडून त्यांनी राजीनामा दिला. चेकोस्लोव्हाकियासाठी भंडाऱ्याच्या खासदाराने मंत्रिपद सोडले! आमच्या रस्त्यांचे, तलावांचे काय, असे तेव्हा कोणी म्हटले असेल तर त्याला मी दोष देणार नाही. तरीही लाल दिव्याची मोटार परत करून आलेला तो माणूस मला आमच्या जिल्ह्याचे भूषण वाटतो.

हे सारे मी शेजाऱ्यांना सांगितले. त्यांनी ते सौजन्याने ऐकले. नंतर आठवड्याने, १९ जूनला, नव्या मंत्रिमंडळाने साध्या धानाचा हमीभाव क्विंटलमागे २,१८३ वरून २,३०० रुपये केल्याचे वृत्त आले, आणि हातात पऱ्ह्यांसाठी भिजविलेल्या बियाण्याची ओली पिशवी घेऊन ते पुन्हा ओसरीवर आले. एकशे सतरा रुपये बोटांवर मोजून झाले. "मंग हे चुकारे थकले तर धरायचा कोनाला जी?"

मी सांगू लागलो: भाव सुचवितो तो आयोग कृषी खात्याचा, ते शिवराजसिंह चौहान यांच्याकडे, धान्य घेते ते अन्न खाते, ते प्रल्हाद जोशी यांच्याकडे, प्रत्यक्ष काटा लावते ती राज्याची पणन यंत्रणा, बोनस मुंबईहून जाहीर होतो, आणि सातबाऱ्याची नोंद तलाठ्याकडे. तलाठी म्हणताच त्यांचा चेहरा उजळला. त्याला ते ओळखत होते. पिशवीतून पाणी ठिबकत होते; ती दुसऱ्या हातात घेऊन ते तलाठ्याच्या कचेरीकडे निघाले.